सहा शिट्ट्यांचा मासा

४ नोव्हेंबर

आजपासून या वहीची मागची पानं वेगळ्या कामाला. पुढे घरखर्च, मागे मासा. मध्ये तीस पानं कोरी सोडली आहेत, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागणार नाही.

यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. मोठ्या तापातून उठल्यापासून यांचं वजन शेहेचाळीस. हर्नियाचं ऑपरेशन व्हायलाच हवं. डॉक्टर म्हणाले, पन्नास भरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि फार थांबलात तर एक दिवस आतडं अडकेल, मग धावाधाव. तारीख दिली एकवीस डिसेंबर. दूध यांना पचत नाही. अंड्याने अंगभर पित्त उठतं. डॉक्टर म्हणाले, मग मासा खा. मी म्हटलं, दुसरं काही? म्हणाले, दुसरं म्हणजे दुसरा मासा.

आमच्या दोन्ही घराण्यांत मासा फक्त मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात. तोही हसणारा.

आहारवाल्या बाईंनी एक छापील कागद दिला. ‘मासा न आवडणाऱ्यांसाठी घरच्या सोप्या कृती’. आठ कृती आहेत. मी मॅट्रिक आहे. छापलेलं मला कळतं, आणि त्यात काय चुकलंय तेही कळतं.

संकल्प: सहा आठवडे, चार किलो. मन घट्ट केलं की सगळं होतं. आजवर माझा एकही संकल्प मोडलेला नाही. पहाटे फिरायला जायचा सोडून. आणि साखर सोडायचा.

६ नोव्हेंबर, सायंकाळी ७.४५

आणला.

कागदावर लिहिलंय सकाळी ताजा घ्या. पण सकाळी ओळखीची माणसं भेटतात. सातला बाजार उठत असतो, कोणी बघत नाही, शिवाय उरलेलं निम्म्या भावात. मासेवाली म्हणाली, मावशी, हा पहाटेपासून पडलाय, उद्या लवकर या, चांगला बघून देते. मी सांगितलं, मला शिकवू नका, हाच द्या. ती शेजारणीकडे बघून म्हणाली, मांजरासाठी असेल. दुर्लक्ष केलं.

कागदावर असंही आहे की माशाचा डोळा चकचकीत हवा. चकचकीत डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून बघणारं काही मी घरात आणणार नाही. याचा डोळा दुधाळ, आत गेलेला. निदान कुणाकडे बघत तरी नव्हता.

तीन पिशव्यांत घालून हात लांब धरून आले. तरी वास माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. जिन्यात खालच्या मजल्यावरची म्हणाली, कुठे उंदीर मेलाय का हो? मी म्हटलं, हो, बघते.

७ नोव्हेंबर

पहिला प्रयोग. यशस्वी.

स्वयंपाकघर विटाळायचं नाही म्हणून मागच्या गॅलरीत जुना स्टोव्ह मांडला. देवघराचं दार लावलं, वर चादर टाकली. नाकात कापसाचे बोळे, कापराचा चुरा लावून. हातात भांडी घासायचे रबरी मोजे.

तो बुळबुळीत प्रकार! मोज्यातूनही कळतो. धरला की सटकतो, मेला तरी खोड जात नाही. पोटातून जे निघालं ते लिहिणार नाही. खवले उडाले, एक कपाळावर येऊन बसला, टिकलीसारखा. ओकारी आली. ‘देवा देवा’ म्हणत गिळली.

मग धुतला. सात पाण्यांनी, नंतर हळद, नंतर चिंच, नंतर उकळतं पाणी, शेवटी ब्रश. सोललेल्या बटाट्यासारखा पांढराफटक होईपर्यंत. कृती पहिली, वाफेवर सात मिनिटं. सात मिनिटांत जंतू मरत नाहीत, पाप तर नाहीच. मी कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. पुढे लिहिलंय, मीठ चाखून घाला. देवापुढे ठेवण्याआधी मी साधा भात कधी चाखला नाही, याला चाखू? मीठ नेहमीप्रमाणे नजरेने. चष्मा गॅलरीत आणला नव्हता.

यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. कसा झालाय विचारलं. म्हणाले, अगदी स्वच्छ लागतो.

सत्तावीस वर्षांत यांनी कधी कौतुक केलं नाही, त्या मानाने हे पुष्कळ झालं. आमची कन्या पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर लोकांशी वाद घालून घरी येते, तिला घरीही सवय जात नाही. म्हणाली, आई, तू मासा शिजवलास की त्याचं तेरावं घातलंस?

८ नोव्हेंबर

काल दोन आंघोळी. आज सकाळी तिसरी. तरी उशीला वास येतो. फुलवातींनाही येतो. हे म्हणाले, मला काही येत नाही. तापाने यांचं नाक गेलं असावं.

१२ नोव्हेंबर

कृती तिसरी: बटाट्यात मिसळून टिक्की. ‘न आवडणाऱ्याला कळतही नाही.’ निम्मा बटाटा, निम्मा मासा लिहिलंय. निम्मा मासा म्हणजे कळणारच की! मी बारा बटाट्यांना एक तुकडा घेतला. त्यातही काटा निघाला, तो नेमका कन्येच्या वाट्याला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, चला, पुरावा मिळाला.

हे तीन टिक्क्या जेवले. म्हणजे मासा यांना आवडायला लागला.

१५ नोव्हेंबर, रविवार

कन्येने वजनकाटा आणलाय. शेहेचाळीसच. हरकत नाही. अंगात मुरायला वेळ लागतो.

दुकानातून हे दुपारीच वर आले. खाली यांचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. पाइपची एक लांबी उचलली की कळ येते. मग काउंटरला धरून उभे राहतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं भाव सांगायला आढेवेढे घेतायत. असे दोन नेहमीचे प्लंबर तुटले. संध्याकाळी हे पुन्हा दुकानात; मी खाली गेले तर स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते, चेहरा पांढरा. मला बघून उगाच रजिस्टर उघडलं.

मासा वाढवायला हवा.

१९ नोव्हेंबर

कृती चौथी: रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत. ‘दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं.’ तेल तीन चमचे लिहिलंय. एक चमचा पुरे. रवा तव्याला बसला, मासा माझ्या कालथ्यावर. तसाच पंचवीस मिनिटं परतला. धूर इतका झाला की खालच्या मजल्यावरची पाण्याची बादली घेऊन वर आली.

यांनी अर्धा तुकडा खाल्ला. उरलेला गॅलरीखालच्या मांजराला टाकला. त्याने हुंगला, पुढचा पाय दोनदा झटकला आणि भिंतीवरून निघून गेलं. पोट भरलेलं असावं.

२२ नोव्हेंबर, रविवार

सत्तेचाळीस!

देवाला गोडाचा नैवेद्य दाखवला. नारळही फोडणार होते, पण पन्नासला फोडते. एक किलोला एक नारळ परवडायचा नाही.

काट्यावर चढताना यांनी कोट घातला होता. म्हणाले, गार वारा सुटलाय. वजनाआधी दुकानात एक चक्करही मारून आले. चालून आल्यावर वजन खरं भरतं म्हणे.

२९ नोव्हेंबर, रविवार

अठ्ठेचाळीस आणि वर थोडं. कन्येला म्हटलं, बघ. ती यांच्याकडे बघून म्हणाली, बाबा, चेहऱ्यावर दिसत नाही हो. हे म्हणाले, अगं, आतून भरतंय.

खरंच आतून भरत असणार. आज हे चालताना अंगातून बारीक खुळखुळ ऐकू आली. हाडं भक्कम व्हायला लागली. माशात चुना असतो असं कागदावर आहेच.

३ डिसेंबर

टोमॅटोच्या रश्शातला. कृती पाचवी. मासा रश्शात विरघळला, फक्त काटे तरंगत राहिले. गाळून दिला. हे म्हणाले, औषधासारखा घेतो, आणि डोळे मिटून प्यायले. मी तोपर्यंत गॅलरीत उभी. आतड्याची दुर्गंधी असलेली ती बादली, ते खवले, मोरीत अडकलेलं ते शेपूट. एवढी किळस मला जन्मात कशाची आली नाही. तरी करते. दुसरी कोणी असती तर केव्हाच हात टेकले असते. माझ्या जिद्दीला तोड नाही.

मांजर आता शेजारच्या इमारतीत राहायला गेलंय.

६ डिसेंबर, रविवार

साडेएकोणपन्नास. जिना चढताना हे प्रत्येक मजल्यावर थांबले, कठडा धरला. अंगात वजन आलं की असं होतंच.

१० डिसेंबर

आहारवाल्या बाईंचा कागद सदोष आहे. मी सुधारून नवा लिहायला घेतला. शीर्षक: ‘मासा न आवडणाऱ्यांसाठी शुद्ध व काटकसरीच्या कृती’. कन्येला टाइप करून द्यायला सांगितलं. तिने पहिला परिच्छेद वाचला आणि विचारलं, आई, यात तू मासा एकदा तरी तोंडात घातलायस का? हा काय प्रश्न झाला? पोहणं शिकवणारा काठावरच उभा असतो.

१३ डिसेंबर, रविवार

साडेपन्नास! आठ दिवस आधीच!

नारळ फोडला. हे कोट न काढता खुर्चीत बसले आणि खुर्चीचा पाय करकरला. मी म्हटलं, पाहिलंत? यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू फार राबलीस. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. म्हणाले, आता ऑपरेशन झालं की मासा बंद ना? मी वचन दिलं.

२० डिसेंबर

स्टोव्ह, कुकर, ब्रश, मोजे सगळं पोत्यात बांधून ठेवलंय. उद्या दवाखान्यातून आलं की भंगारात. नवीन कागदाच्या वीस झेरॉक्स काढल्या. डॉक्टरांना दहा देईन, बाकी आहारवाल्या बाईंना, राग न मानता घेतल्या तर.

२१ डिसेंबर

नर्सने यांना दवाखान्याचा झगा घालायला सांगितला. हे म्हणाले, कोटावर घालतो. ती म्हणाली, काका, झग्याखाली काही नको. कोट तिने खुंटीला लावला. खुंटी भिंतीतून निघून कोटासकट खाली आली.

पितळी कॉक. पितळी एल्बो. दोन व्हॉल्व्ह. कमरेची साखळी यांनी स्वतःच सोडून टेबलावर ठेवली, फ्लशच्या टाकीची होती. एक नट घरंगळत डॉक्टरांच्या खुर्चीखाली गेला.

काटा: चव्वेचाळीस. मासा सुरू करायच्या आधी होतं त्याहून दोन कमी.

डॉक्टर यांना एवढे ओरडले की बाहेर रांगेतल्यांनी आत डोकावून बघितलं. हर्नियावाला माणूस, आणि दर रविवारी किलो-किलोने पितळ बांधून जिने चढतो! हे भिंतीकडे बघत मला म्हणाले, अगं, तू नाक बांधून इतकं करायचीस. आकडा तरी बरा दिसावा म्हटलं. आणि ऑपरेशन झालं असतं तर तुझीही सुटका होती, माझीही.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, नक्की कसं शिजवत होता? मी सगळं क्रमाने सांगितलं. सात पाणी, हळद, चिंच, ब्रश, सहा शिट्ट्या. मध्येच त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. जागरण झालं असावं. माझा कागदही दिला. त्यांनी तो उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: मासा, आठवड्यातून तीनदा. खाली रेघ मारून: दुसऱ्या कोणीतरी शिजवावा.

म्हणजे मला विश्रांतीची गरज आहे हे त्यांच्याही लक्षात आलं.

नवी तारीख तीस जानेवारी. तोवर पट्टा बांधायचा, दुकान बंद. आणि मध्ये कधी कळ थांबली नाही तर वाट न बघता यायचं. हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा फक्त माझ्याकडे बघून.



२२ डिसेंबर, सकाळी ८.१०

कन्या सहाला उठून बाजारात गेली. मी हाक मारून सांगितलं, सातला संध्याकाळी स्वस्त मिळतो. ती ऐकायच्या आधीच जिना उतरली होती.

आली, आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात! काटे तिथेच काढून आणलेले. एकदा धुतला. एकदाच. पुसला. मीठ, आख्खं लिंबू, दहा मिनिटं नुसता ठेवला. तव्यावर तेल, ही बाजू चार मिनिटं, ती बाजू चार मिनिटं. कोपरा मोडून तोंडात टाकला, म्हणाली मीठ कमी आहे, वरून भुरभुरलं. संपलं. एवढ्यात माझी पहिली तीन पाणीसुद्धा झाली नसती.

मी दारात उभी. वास येईना. बोळे चाचपले. घातलेच नव्हते.

हे पाटावर बसले, साध्या बनियनवर. बरगड्या मोजता येत होत्या. सहा आठवड्यांत मी यांना कोटाशिवाय बघितलंच नव्हतं की काय, कोण जाणे. एक तुकडा खाल्ला. भात कालवला, दुसरा खाल्ला. बोटं चाटली. मी तोंड फिरवलं, ओंगळ सवय. आवाज येतच राहिला.

मग हे म्हणाले, अजून आहे का गं?

लग्न झाल्यापासून या घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी लगबगीने ताटाकडे निघाले.

कन्येला विचारत होते.