आधी भाड्याने

१४ मार्च, दुपार

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

आधी तुझ्या नातीच्या घोड्याची बातमी. तू आमच्याकडे राहायला होतीस तेव्हा आणलेलं, ज्याला तू ‘भाडोत्री तट्टू’ म्हणून चिडवायचीस, तेच. तीन महिने भाड्याने ठेवायचं, पोरीचा उत्साह टिकतो का बघायचं, मगच विकत घ्यायचं, हा हट्ट माझा. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. कारखान्यात दिवसभर शिवलेले शर्ट उलटेपालटे करून खोट काढायची, ती खोड घरीही सुटत नाही. ‘खोट निघाली की परत’, असं मी पोरीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

उत्साह टिकतो का म्हणे! शाळा सुटली की स्वारी थेट तबेल्यात. शिकवणाऱ्या मास्तरांची तक्रार एकच. घोड्यावर डावीकडून चढतात, ही मात्र उजवीकडूनच चढते, आणि जवळ जाताना सारखी बडबडत जाते. मी तिला त्यावरून चांगली झापलीही.

आज सौदा पक्का करण्याआधी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तट्टूच्या डाव्या डोळ्यापुढे हात हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला. मग म्हणाले, “बाई, या डोळ्याने याला काही दिसत नाही.”

मी उडालेच. तट्टूच्या मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक. आणि आपली चिमणी मान खाली घालून उभी.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आजीसारखंच करतो तो. डावीकडून कुणी आलं की दचकतो.”

आई, मी तिचे खांदे धरून तिला माझ्याकडे वळवलं.

मग पोरीच्या तोंडून रडत रडत सगळं बाहेर आलं. जिन्यावर तू तिचा हात का धरायचीस, चहा कपाबाहेर का सांडायचा, दाराची चौकट खांद्याला का लागायची. आणि मी तुला वेंधळी म्हणायचे! दिव्याखाली अंधार तो हाच. “मला का नाही सांगितलंस?” म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, “तूच म्हणालीस ना, खोट निघाली की परत? आजीला पण तू तीन महिनेच बघणार होतीस. म्हणून आजीने मला शपथ घातली.”

हे वाक्य लिहिताना मला उठून पाणी प्यावं लागलं. हो, यांच्याशी बोलताना मी तसं म्हणाले होते. पोरीने ऐकलं असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू ते स्वतः ऐकलंस की पोरीने तुला सांगितलं, ते विचारायची हिंमत होत नाही. ‘मला माझ्याच घरी बरं वाटतं’ म्हणून तू गेलीस, आणि मी ते खरं मानलं. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तट्टू घेतलं. जपून वागवलं तर हळूहळू फिरवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

हे फोनवर बोलता आलं नसतं. शनिवारी मी येतेय. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, दुसरा डोळा तरी वाचायला हवा. मग तुझं सामान बांधू. यायचं नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांग, भांड, हवं तर एक ठेवून दे. पण चांगलं चाललंय असं म्हणू नकोस.

तुझी,
जिला तू घाबरलीस ती लेक