शनिवारच्या थेट विमानाला उशीर करून मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
आगमन विभाग, विमानतळ.

विषय : दोन विमानतळांमधील प्रवासाचा वेळ वाढवून मिळणेबाबत (फक्त येत्या शनिवारपुरता).
संदर्भ : 'आता थेट, पावणेदोन तासांत!' हा आपल्या दारावरचा फलक.

महोदय,

मी दहावीत असून वक्तृत्वात शाळेत पहिली आले आहे, म्हणून हा अर्ज मीच लिहावा असं घरात ठरलं. (ठरवलंही मीच.) आई म्हणाली, "अगं, विमानाला कुठे अर्ज करतात का?" मी म्हटलं, "चौकीत केला तेव्हा काय मिळालं? 'घरातलं घरात मिटवा.' आता विमानाला करून बघू."

१. माझे वडील परगावी वेल्डर असून महिन्यातून एकदा, शनिवारी, कंपनीच्या तिकिटावर घरी येतात. आले की आईला मारतात. अंतर नऊशे किलोमीटर. पूर्वी वाटेत विमान बदलावं लागे, त्यामुळे सहा तास जात. बसताना त्यांचा फोन येई, "निघालो." तेवढ्या वेळात आम्ही लाटणं, बत्ता, झारा, इस्त्री, सगळं माळ्यावर टाकत असू. मग उरत नुसते हात. हातांचा मार सोसतो, असं आईचं म्हणणं.

२. गेल्या महिन्यात आपण थेट विमान सुरू केलं. अंतर तेवढंच राहिलं, आमचा वेळ मात्र कापला गेला. 'निघालो'चा फोन आला तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं, सहा तास आहेत असंच धरून चाललो होतो. आई स्टुलावर चढून इस्त्री वर ठेवतच होती, तर वडील दारात! त्यांनी ती हिसकावली आणि तिच्या मनगटावर घातली. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज फूटपट्टी मोडल्यासारखाच येतो. मी स्टूल उचलून त्यांच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात पडला. मला आनंद झाला. अर्जात असं लिहितात की नाही ठाऊक नाही, पण झाला. जाताना ते म्हणाले, "पुढच्या खेपेला एकीलाही जिवंत ठेवत नाही." दाताअभावी निम्मे शब्द फुसफुसत होते, तरी समजले.

३. म्हणून आम्ही पळून जाणार आहोत. खाली काका राहतात, ते मला शाळेला सोडतात, आईला जिना उतरू देत नाहीत. शनिवारी मात्र तेच वडिलांना आणायला विमानतळावर येतात. मावशीकडे जाणारी बस दिवसातून एकच, संध्याकाळी साडेसातला सुटते. स्टँड आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. विमान साडेसहाला उतरलं, तर दोघे भाऊ सातला घरात आणि लगेच स्टँडवर. आम्ही आयत्या सापडू.

४. आधी मी थेट विमान बंदच करा म्हणणार होते. मग वाटलं, निदान जुन्या वाटेने पाठवा. मग वाटलं, वरच अर्धा तास घिरट्या घालू देत. पण बाकीच्या प्रवाशांनी काय घोडं मारलंय? तरी शेवटी एवढंच मागते : निळी लोखंडी पेटी, दोरीने बांधलेली, झाकणाला पोचा आलेली, ती सामानाच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या मागून सोडावी. हरवू नये, फक्त रेंगाळावी. तिच्यात त्यांची हत्यारं असतात. ती घेतल्याशिवाय ते हलत नाहीत.

कृपया उत्तर पाठवू नये, टपाल काका उघडतात. आपण हो म्हणालात की नाही, ते आम्हाला बस सुटल्यावर कळेल.

दिनांक : बुधवार, मधली सुट्टी.
सोबत : १) पेटीचं चित्र (मी काढलेलं). २) आईच्या एक्स-रेची झेरॉक्स. काळीकुट्ट आली आहे, क्षमस्व.

आपली नम्र,
दहावी 'ब'ची वर्गप्रतिनिधी
(पूर्ण नाव लिहिलं तर मध्ये त्यांचं येतं, म्हणून लिहिलेलं नाही.)