रेव्हिअर कुणाला द्यायचं

१२ जाने., रवि.
मीरा पास झाली. लेखी, तोंडी, नेमबाजी, सगळं. सोळावं लागल्यापासून शिकारीच्या परीक्षेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं तिला. तिचा बाबा, थॉमस, असता तर गावभर सांगत सुटला असता. मी "छान" म्हटलं आणि कुकर लावला.
पुण्याला फोन. आई म्हणाली, "बरं झालं हो. पण बंदुकीचं इथे कुणाला सांगू नकोस, स्थळं यायची नाहीत." माहेरी अंडंसुद्धा घरात आलं नाही कधी. इथे जर्मनीत फ्रीझरचा खालचा खण अख्खा हरणाचा, वरच्यात माझे मटार.
आनंद व्हायला हवा होता. किंवा राग तरी. थॉमस गेल्यापासून दोन्ही होत नाही.

१८ जाने., शनि.
ओपा, मीराचे आजोबा, जेवायला. विचारलं, मुलाला जाऊन वर्ष होईल, तुमच्याकडे काय करतात? म्हणाले, "काही नाही. थडग्यावर मेणबत्ती."
त्यांच्या डोळ्यांचं पक्कं झालं. मॅक्युला. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मी फर्ममध्ये दिवसभर लेन्सवरचे चरे शोधते, आणि सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे माझं काही चालत नाही.
गावच्या रानात शिकार करायचा हक्क, म्हणजे रेव्हिअर, इतकी वर्षं त्यांच्याकडे भाड्याने होता. करार मार्चअखेर संपतोय, ते पुन्हा घेणार नाहीत. मीराला अठरापर्यंत एकटीने जाता येत नाही, सोबत अनुभवी माणूस लागतो. म्हणून त्यांना वाटतं, रेव्हिअर युलेला मिळावं. युले गावातलीच, सुतार, तिशीची. मीराला बरोबर नेईन म्हणालीय.
दुसरा उमेदवार लाइपझिगचा एक डेंटिस्ट. भाडं जास्त देणार, डुकरांनी मका खाल्ला तर भरपाईही सढळ हाताने. पण मचाणावर पाहुणे त्याचेच. गावातल्या पोरांनी हाकारे घालायला जरूर यावं, असं म्हणाला.
"आल्झो, म्हणजे मी नुसतं ओरडत पळायचं," मीरा म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

२४ जाने., शुक्र.
फॉयरवेअरच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या, हॉलमध्ये सभा. रेव्हिअर कुणाला ते जमीनमालक ठरवतात. थॉमसचं ओढ्याकाठचं कुरण आता माझ्या नावावर, म्हणून मलाही मत. जन्मात मटण न चाखलेली बाई शिकारीच्या मंडळात! थॉमस पोट धरून हसला असता.
अध्यक्षांनी विचारलं, युलेच्या बाजूने कोण? हात वर झाले. माझे मांडीवरच. विरोध नव्हता. काहीच नव्हतं. आपल्यालाही विचारतायत हे डोक्यात शिरलंच नाही, आणि शिरलं तेव्हा मोजून झालं होतं.
वाटलं, गप्प बसलं म्हणजे कुणाच्याच बाजूचं नाही. इथे तसं नसतं. हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त हात लागतात, गप्प बसलेला नकारात जमा. युलेला एक हात कमी पडला. डेंटिस्टलाही पुरेसे मिळाले नाहीत. पुन्हा सभा ७ मार्चला.
मीरा मागे भिंतीशी उभी होती. तिने पाहिलं.
गाडीत ओपा म्हणाले, "कोण होतं ते, एक मत न देणारं?" मीरा खिडकीबाहेर बघत, "माहीत नाही, ओपा."

२ फेब्रु., रवि.
मीरा बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जर्मनमध्ये तर जर्मनमध्ये. चिडलीस का विचारलं तर "ने", म्हणजे नाही. जेवण तिच्या खोलीत.
युले वाटेत भेटली. म्हणाली, "मीराने परीक्षा दिली ती लायसन्स कपाटात ठेवायला नाही." बरोबरच आहे. मी मान डोलावली. मान डोलवायला जमते.

९ फेब्रु., रवि.
वर्ष झालं. मेणबत्ती लावली, वाऱ्याने दोनदा विझली. मीरा ओपांच्या खांद्यावर रडली. मी जरा लांब, कागदी रुमालांचं पाकीट धरून, कुणाला लागला तर.

१५ फेब्रु., शनि.
काल मीराला विचारलं, मी येऊ का सकाळी? खांदे उडवले. "बोलायचं नाही पण."
उजाडताना मचाणावर तिघं एका फळीवर. थंडीने पायाची बोटं गेलीच. मीरा ओपांच्या कानात सांगत होती, काय दिसतंय, कुठे, किती. ते मान हलवत होते. डुकरीण आली, मोठी. मीराने बंदूक उचललीच नाही. "पिल्लं आहेत मागे." ओपा, "गेनाऊ." अगदी बरोबर. मला पिल्लं नंतर दिसली.
बऱ्याच वेळाने शेताच्या कडेला एक तरणं डुक्कर, एकटं. मीराने नेम धरला, आवाज झाला. माझे कान बंद.
उतरून गेलो. मीराने देवदाराची डहाळी मोडली आणि डुकराच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, ओपा म्हणाले. टोप्या काढून दोघं उभी राहिली.
थॉमसच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायचं होतं मला. कुंडीतली तुळस त्या थंडीत गेली होती. हॉस्पिटलात कुठून आणणार.
तिथेच मक्याच्या धसकटांत बसले आणि रडले. मोठ्याने, लाज सोडून. मीरा घाबरली. "ममा, तुला आवडलं नाही ना हे?"
"नाही आवडलं. पण त्याचं नाही रडू."
ती शेजारी बसली. ओपा रानाकडे तोंड करून उभे.

१ मार्च, शनि.
मीराला सांगितलं, शुक्रवारी हात वर करणार. वाटलं, खूष होईल. तर म्हणाली (सगळं जर्मनमध्ये, एका दमात), माझ्यासाठी म्हणून नको करूस. मेलेलं डुक्कर बघवत नाही तुला. पटत असेल तरच कर.
अगदी बापावर गेलीय.
पटतं का? शिकार अजून नाही. पिल्लं बघून थांबली, ते पटतं. थांबायचं कधी ते शिकायला रानात जावंच लागतं, घरी बसून कसं येणार. डेंटिस्टकडे नुसतं ओरडायला शिकेल.

७ मार्च, शुक्र.
सभा. ओपांशेजारी बसले, मागच्यासारखीच. युलेच्या बाजूने कोण? मी हात वर केला. घाईत जरा जास्तच ताठ, शाळेत करतात तसा. ओपांनी माझा दंड चाचपला, खालून वरपर्यंत. "गुट," छान, म्हणाले. म्हणजे मागच्या वेळी माझा हात खालीच होता, तेही त्यांना कळलं होतं.
 
हात पुरले या वेळी. पण जमिनीचंही बहुमत लागतं, कुणाची किती ते बघून, आणि मोठी शेतं डेंटिस्टच्या बाजूची. काठावर आहे. अध्यक्ष म्हणाले, नीट मोजून सोमवारी कळवतो.
मीरा घरभर फिरतेय. मी कणीक मळली, भूक कुणालाच नाही. सारखी फोनकडे बघते, आज येणार नाही माहीत असून. हे व्हायला हवंय मला. वर्षभरात पहिल्यांदा काही हवंय. नाही झालं तर फार वाईट वाटणार आहे.