धुराचं न्हाणीघर आणि मी विझवलेली आग

सारापू, एस्टोनिया
२७ एप्रिल

ती. असुंता मावशीस,

डोनाताचे तुझ्या दोन्ही गालांवर एकेक आणि दुखऱ्या गुडघ्याला लांबूनच एक असे पापे. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा गुडघ्याला बांधतेस की अजून कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला? तुझा रक्तदाब, तुझ्या कोंबड्या आणि तुझी शेजारीण कार्मेला या सगळ्यांची खुशाली कळव. (कार्मेलाची राहिली तरी चालेल.) मी इकडे मजेत आहे. वेळेवर जेवते, पायात लोकरीचे दोन मोजे एकावर एक घालते, आणि आता वसंत आला आहे, म्हणजे बर्फ फक्त सावलीत उरला आहे.

मुख्य बातमी आधीच सांगून टाकते, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे (या वेळी वाचू नकोस). मावशी, मी जिंकले. मला ठेवून घेतलं. पप्पांची अट तुझ्यासमोरच झाली होती. ‘वर्षभर परक्या देशात फुकट राबायचंय ना, खुशाल जा. पण त्यांनी मधेच परत पाठवलं तर तोंडातून चकार शब्द न काढता वीतोकाकाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, ते कायमचं. वर्ष पुरं केलंस तर पुढचं तुझं तू बघ.’ आणि तू रविवारच्या जेवणात, सगळ्या गोतावळ्यासमोर, छातीवर हात ठेवून म्हणालीस की ही पोरगी वर्ष काढेल, नाही काढलं तर मी कार्मेलाची माफी मागेन. इतकी भयंकर शपथ आपल्या घराण्यात आजवर कोणी घेतलेली नाही. गेले सहा महिने मी ती उशाला घेऊन झोपत होते.

कारण सहाव्या महिन्यात इथल्या गावमंडळाने एक कागद भरायचा असतो, पोरगी ठेवायची की पाठवायची. तो भरणार उर्मास. गावाच्या समाजघराची किल्ली, ट्रॅक्टर आणि आगीचा बंब, तिन्ही याच्याच ताब्यात. समाजघरात मी म्हाताऱ्यांचा व्यायाम घेते, मुलांना गाणी शिकवते आणि दर मंगळवारी ‘इटालियन संध्याकाळ’ भरवते. पहिल्या मंगळवारी अकरा माणसं आली. कॉफी प्याली, माझी दीड तासाची बडबड ऐकली, उठली, कोट घातले आणि गेली. दुसऱ्या मंगळवारी तीच अकरा, तसंच. असे चोवीस मंगळवार झाले, आणि एकाही माणसाने हूं की चूं केलं नाही. शेवटी न राहवून मी उर्मासला विचारलं, ‘माझं काही चुकतंय का?’ तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘वाईट नाही.’ मी खोलीत जाऊन ढसाढसा रडले. आपल्याकडे करपलेल्या मकरोनीचीसुद्धा लोक आईची शपथ घेऊन वाहवा करतात. (इथे लग्नात नवरीला बघून म्हणतात ते हेच दोन शब्द, हे मला फार उशिरा कळलं.) फरशीच्या दुकानाचा वास मला इथे येऊ लागला होता.

मी राहते हेल्यूआजीकडे. आजी दिवसाला सरासरी नऊ शब्द बोलते, त्यातले चार मांजराशी. ती या महिन्यात ऐंशी वर्षांची झाली. तिच्या परसात तळ्याकाठी एक काळीकुट्ट लाकडी झोपडी आहे, तिच्यात बटाटे ठेवत असतील असं मी समजून चालले होते. गावातली सौनाघरं, म्हणजे यांची घाम काढायची न्हाणीघरं, मी पाहिली होती, पण त्या सगळ्यांना धुराडं असतं. या झोपडीला नव्हतं. वाढदिवसाच्या सकाळी आजी मला म्हणाली, ‘झोपडीकडे लक्ष ठेव,’ आणि सायकलवर टांग मारून दुकानात गेली. म्हणजे त्या दिवसाचे तीन शब्द तिथेच खर्ची पडले, खुलाशाला काही उरलं नाही.

मी लक्ष ठेवलं, म्हणजे रस्त्याकडच्या खोलीत बसून कान उघडे ठेवले. दुपारी एकच्या सुमाराला बघते तर झोपडीच्या दारातून, वळचणीतून, फटीफटीतून काळा धूर. आता तूच सांग, ऑगस्टात आपला डोंगर पेटतो तेव्हा सहा वर्षांच्या मला बादल्यांच्या रांगेत कोणी उभं केलं होतं? तूच ना? आपल्या गावची मुलगी धूर बघून काय लाकडांची चौकशी करत बसेल? मी बादली उचलली. तळ्याचं पाणी असं गार की बोटं गळून पडतील असं वाटलं. चौदा बादल्या, मावशी, मोजून चौदा. डोळे मिटून आत शिरायचं, जिथे लाल दिसेल तिथे बादली मारायची आणि खोकत बाहेर यायचं. सातव्या बादलीला आतून धाडधाड आवाज सुरू झाले. मला वाटलं गॅसचं नळकांडं फुटतंय, म्हणून बंबाला फोन केला आणि उरलेल्या सात बादल्या मारल्या. आग विझली. माझ्या भुवयाही थोड्या गेल्या, पण त्या येतायत परत.

बंब आला. त्यावर उर्मास आणि सहा जण. मागून वाढदिवसाला निघालेलं सगळं गाव, हातात फुलं, अंगात इस्त्रीचे कपडे, चाळीसेक माणसं. उर्मास आत गेला. बाहेर आला. त्याने शिरस्त्राण काढून हातात धरलं, अगदी मयताला काढतात तसं.

‘आग विझली आहे,’ तो म्हणाला.

‘होय,’ मी छाती फुगवून म्हणाले.

‘ती सकाळी सातला लावली होती.’

मग मला समजलं ते असं. जुन्या पद्धतीच्या सौनाघराला धुराडं नसतंच. दगडांच्या मोकळ्या ढिगाखाली दिवसभर लाकूड जाळायचं, धूर दारातून जाऊ द्यायचा, आणि धूर संपला की त्या तापल्या दगडांवर संध्याकाळ काढायची. आजीने नवरा गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा ते पेटवलं होतं. आणि मी त्या लालबुंद दगडांवर तळ्याचं पाणी ओतून एकूण एक दगड फोडला होता. भट्टीची कमान खाली बसली होती. तेवढ्यात आजी सायकलवरून आली. दारात उभी राहून तिने आत बघितलं आणि म्हणाली, ‘मी इथेच जन्मले होते.’ (पूर्वी इथे बाळंतपणं सौनाघरातच व्हायची.)

मावशी, मी मोडले. आपल्याकडे बायका रडतात तशी रडले, भोकाड पसरून, चिखलात गुडघे टेकून, आजीचे हात धरून, तुझं, माझं, वीतोकाकाचं, सगळ्यांचं नाव घेऊन. पप्पांची अटही सगळ्या गावाला ऐकवली. या लोकांना वीस अंश उणे चालतं, वादळ चालतं, पण समोर कोणी हुंदके देऊन रडू लागलं की यांना पळता भुई थोडी होते. चाळीस माणसं निसटायला काहीतरी निमित्त शोधू लागली. थंडी सरली की इथल्या शेतांतून दगड वर येतात. आधी एक म्हातारा शेतात गेला आणि एक दगड उचलून घेऊन आला. मग दुसरा गेला. मग उर्मास ट्रॅक्टर घेऊन गेला. इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं चिखलात उतरली. दगड आणायचा, दुसऱ्या दगडाने ठोकायचा, कान लावायचा. भरीव वाजला तर ठेवायचा, फुटका वाजला तर टाकायचा. आणि मध्यभागी हेल्यूआजी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. ‘हा नको. हा तडकेल. तो तिरका लाव.’ मग एकदम म्हणाली, ‘माझ्या नवऱ्याने रचली होती ती भट्टीही वाकडीच होती. चाळीस वर्षं मी गप्प बसले.’ आणि सगळं गाव हसलं. मी या लोकांचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मी काय करणार? रडून झालं, मग पास्त्याचं पीठ मळलं. आजीकडचं सगळं पीठ, वर शेजाऱ्यांकडचं. तुझ्या पद्धतीची, अंगठ्याने दाबून केलेली कानाच्या आकाराची ओरेक्किएत्ते, चाळीस माणसांची. बंबावरच्या सहाही जणांना अंगठा कसा फिरवायचा ते मी शिकवलं. (उर्मासची एकेक तर बुटाएवढी झाली. तीही शिजवली.) इथलं आंबट दही आणि धुरावलेलं डुकराचं मांस घालून वाढली. तू बघितलं असतंस तर तुला घेरी आली असती, पण भांडी चाटूनपुसून स्वच्छ झाली. दुसऱ्या दिवशी भट्टी परत पेटली, आणि बायकांची पाळी आधी असते म्हणून मीही आत गेले. (हा भाग फादरांना वाचून दाखवू नकोस, अंगावर कोणाच्याच काही नव्हतं.) त्या काळोखात या बायका बोलतात, मावशी. कार्मेलाला ऐकून लाजल्यासारखं होईल इतकं बोलतात. आजीने इथल्या रिवाजाप्रमाणे माझी पाठ बर्च झाडाच्या डहाळ्यांनी झोडपली आणि आपल्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली.

सोमवारी कागद भरला. त्यात एक प्रश्न होता, मुलीमुळे गावाला काय मिळालं. उर्मासने लिहिलं आणि वाचायला माझ्याकडे सरकवलं : ‘बारा वर्षांनी सगळं गाव एका कामाला उभं राहिलं. आवाज फार करते. ठेवतो.’ मी त्याला मिठी मारली. तो बिचारा खांबासारखा उभा राहिला, पण पळाला नाही.

तेव्हा मावशी, कार्मेलाकडे जाऊन माफी मागायची नाही. उलट कॉफी प्यायला जा, पाय पसरून बस आणि सगळं सावकाश सांग. पप्पांना म्हणावं, डोनाता ऑक्टोबरअखेर वर्ष पुरं करून ताठ मानेने घरी येते आहे.

तुझी, तुझं नाव राखणारी,
डोनाता

ता. क. पप्पांना सांगताना ‘डोनाताने एकटीने आग विझवली’ इथपर्यंतच सांग. ती लागली नव्हती, लावली होती, हे सांगायची गरज नाही.

ता. क. दुसरा. ऑक्टोबरचं वर जे लिहिलं, ते पप्पा चष्मा शोधून स्वतः वाचतील म्हणून लिहिलं. हा कागद वेगळा काढून ठेव. परवा हेल्यूआजीने विचारलं, कधी जाणार. मी सांगितलं, ऑक्टोबरात. ती उठून परसात गेली आणि संध्याकाळपर्यंत ओली लाकडं फोडून भिंतीशी रचत बसली. मी म्हटलं, आजी, येत्या हिवाळ्याची तर केव्हाच रचून झालीत. ती म्हणाली, ‘ही तुझी.’ ओलं लाकूड वाळायला इथे दोन वर्षं लागतात, मावशी. वर्ष पुरं झालं की माझं मी बघायचं असं ठरलंच होतं, आणि मी बघितलं आहे. पण हे पप्पांना माझ्याच्याने सांगवणार नाही. तू सांग. रविवारी, जेवण झाल्यावर, त्यांच्या शेजारी बसून, आणि आधी फक्त लाकडांचं सांग.