बाकाने केलेली चुगली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकता येतं अजून, काळजी नसावी). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला औषधाला जुमानतो का, की तुझ्यासारखंच आपलं तेच खरं करतो?

इकडे आमचं शहर हुशार झालंय. नगरपालिकेने बागेत नवे बाक बसवले. दांडीवर पंजा टेकला की बाक नाडी मोजतो आणि मोठ्या आवाजात निकाल सांगतो. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून माझी पाठ आखडते, म्हणून संध्याकाळी मी तिथे टेकतो. शेजारी रिटायर झालेल्या नर्सबाई बसतात (नुसत्या बसतात, पुढे वाच). परवा त्या माझ्या शर्टाची शिवण न्याहाळून म्हणाल्या, "हात सुबक आहे हो तुमचा," आणि बाक गरजला, "ठोके वाढले आहेत. घाबरू नका, मदत येत आहे." अख्खी बाग वळली. तोवर मी घाबरलो नव्हतो. ते ऐकून घाबरलो, आणि अँब्युलन्स फाटकाशी हजर. बाईंनी माझं मनगट धरून नाडी पाहिली आणि त्या लोकांना परत पाठवलं (मनगट धरल्यावर बाकाने पुन्हा बोंब ठोकली).

दुसऱ्या दिवसापासून बाई बागेत येईनात. मला ते फार लागलं. तडक नगरपालिका गाठली आणि तिथल्या इंजिनिअर मुलीला म्हटलं, "माझी नाडी माझी आहे. चारचौघांत वाचायची तर आधी मला विचारायला नको?" मला वाटलं, वाटेला लावेल. ती म्हणाली, "काका, हे आमच्या डोक्यातच आलं नाही." थोड्याच दिवसांत बाकांचे भोंगे काढून टाकले. आता ज्याची इच्छा असेल त्याचीच नाडी मोजतात आणि निकाल त्याच्याच फोनवर जातो. मी तरी यंत्राला शिव्या देतच राहणार होतो, पण कोपऱ्यावरचे सलूनवाले टेकले तेव्हा त्याच बाकाने त्यांची नाडी चुकतेय हे ओळखून त्यांच्या फोनवर गुपचूप कळवलं, हॉस्पिटल गाठा. गाठलं, म्हणून वाचले. आता येईल त्या गिऱ्हाईकाला दाढीनंतर बाकावर पाठवतात.

हे सगळं सांगायला मी नर्सबाईंच्या दारी गेलो. त्या पुन्हा बागेत येऊ लागल्यात.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण, आम्ही दोघं लग्न करतोय. माझ्या मुलीला तू सांग. माझी जीभ उचलत नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच मुलगी येऊन गेली. बाक ओरडला त्याच संध्याकाळी तिला निम्म्या बागेने फोन केले होते. म्हणाली, "बाबा, मी कधीची वाट बघतेय, तुम्ही कधी सांगता त्याची." तेव्हा तू सांगू नकोस, नुसती ये.