गोदीचा जुना नकाशा

कामिल बाळा,

आज आपल्या दुकानात एक पावणं फ्रेम करायला जुना नकाशा घेऊन आलते. दोनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. बघतो तर तू कामाला होतास तीच गोदी! जिथं जहाजावरनं पडून तू गेलास, ती जागा कागदावर बोटभर हाय. माझा हात तिथनं हलंना.

"चाचा, काय शोधताय?" पावण्यांनी विचारलं.

"काय न्हाय," म्हटलं.

तू पडलास त्याच्या आदल्या दिवशी फोन केलतास, "अब्बा, उंचावर पाय लटलटत्यात. परत येऊ का?" मी ओरडलो, "पेठेत मला तोंड दाखवायला जागा ठेव की!"

अम्मी अजून विचारती, "पोरगं शेवटाला काय बोललं?"

मी सांगतो, "खुशीत हाय म्हणाला."

तुझा अब्बा,
शमशुद्दीन
शिवाजी पेठ, कोल्हापूर