सात रस्त्यावर एकटी

अव्वा, तू गेलीस तेव्हा शुक्रवार पेठेतल्या आपल्या गल्लीत एकाच घरी फोन होता. आता तो माझ्या पर्समध्ये असतो आणि वाट सांगतो. खरंच सांगते. जायचं ठिकाण त्यात टाकलं की पडद्यावर निळी रेघ उमटते आणि आतून एक बाई बोलायला लागते, सरळ जा, पुढे डावीकडे वळा. तू म्हणाली असतीस, कोण गं ही भवानी, तिला काय ठाऊक आपण कुठं निघालोय? लेकीनं मला ते शिकवलं, स्कूटीही तिनंच शिकवली. पण भाजी मंडईच्या पुढं मी कधी गेलेच नव्हते, त्यामुळं त्या बाईशी माझं काही काम पडलं नव्हतं. तुझे जावई होते तोवर मी त्यांच्या मागं बसले. ते गेल्यावर मुलगा पुण्याहून आला की नेईल तिथं जायचं, नाहीतर घरी बसायचं, असं चाललं होतं.

गेल्या महिन्यात लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. दिवस भरायला अजून वेळ होता. दुपारी शेजारच्या वहिनींबरोबर त्यांच्या गाडीतून तपासायला म्हणून गेली आणि तिथून तिचा फोन आला. वहिनींना शाळेतून मुलांना आणायला जावं लागलं होतं, तिचा नवरा परगावी होता. "आई, लगेच ऑपरेशन करायचं म्हणतायत. मला लई भीती वाटतीय. आत न्यायच्या आधी ये की गं!" दवाखाना विजापूर रोडच्या पार पुढं, नव्या वस्तीत. त्या दिवशी नेमका रिक्षावाल्यांचा बंद. मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, "तू एकटी निघू नकोस, मी कुणालातरी पाठवतो." कुणाला पाठवणार होता आणि ते कधी येणार होते? माझी पोर तिथं एकटी रडत होती. मी फोन स्कूटीला अडकवला, देवाला हात जोडले आणि निघाले.

सात रस्त्याच्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं आल्यावर मात्र गाडी पुढं काढताच येईना. सगळीकडून गाड्या, मागून हॉर्न, आणि मध्ये मी. माझ्यापुढं पांढऱ्या शर्टातला एक माणूस मोटारसायकलवर होता. तो निघाला, तशी मीही निघाले. तो वळला, मी वळले. जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू! फोनमधली बाई काहीतरी बडबडत होती, पण पुढं पाठ दिसत होती ना, मग मी कशाला तिचं ऐकते? बऱ्याच वेळानं तो एका पानटपरीपाशी थांबला. मीही थांबले. त्यानं वळून पाहिलं आणि विचारलं, "काय पायजे, मावशी?" विजापूर रोड राहिला बाजूला, मी होटगी रोडला येऊन पोचले होते.

अव्वा, तिथं मला तुझी गड्ड्याची जत्रा आठवली. मी लहान आहे, तुझा पदर धरून चालतेय. नंदीध्वजाची मिरवणूक, सगळे पुरुष पांढऱ्या बाराबंदीत, आणि तू नेहमीसारखी खाली मान घालून अप्पांच्या टाचांमागून. टाचा एका घराच्या उंबऱ्यात शिरतात तेव्हा तू मान वर करतेस, तर माणूस भलताच! त्याची बायको चकित होते, मग हसत "बर्री, बर्री" म्हणत आपल्याला आत घेते, चहा करते. नंतर तोच भला माणूस आपल्याला घरी सोडायला निघतो, आणि तू परत त्याच्या टाचांमागून! अप्पा दारातच उभे. म्हणाले, "आता पायात घुंगरू बांधून फिरू व्हय मी?" तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस. मला तुझं ते हसू फार आवडायचं.

टपरीपाशी मलाही हसू फुटलं आणि मग रडूच आलं. लेक वाट बघत होती आणि मी परक्या माणसाच्या पाठीमागं फिरत होते. तो भला होता, "चला, सोडतो मावशी," म्हणाला. मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. फोनमधल्या बाईचा आवाज मोठा केला, गाडी वळवली, पुन्हा सात रस्त्यावर आले आणि या वेळी कुणाच्या पाठीकडं पाहिलं नाही. पोचले तेव्हा तिला आत न्यायला निघालेच होते. मी तिचा हात घट्ट धरला. तशा अवस्थेतही तिनं विचारलं, "कुणासंगं आलीस?" मी म्हटलं, "एकटी आले." ती माझ्याकडं बघतच राहिली. नात झाली, अव्वा. नाक अगदी तुझं आहे.

आता नात दुपारी झोपली की मी फोनमध्ये तुझं माहेर टाकते. अप्पा गेल्यावर तू तिकडं गेलीच नाहीस. भाऊ न्यायला येईल, दीर सोडतील, असं करता करता सणामागून सण गेले. एसटी तर आपल्या स्टँडवरूनच सुटायची, पण तुला बसवून देणारं कुणी नव्हतं. मला ते तेव्हा कळायचं नाही, आता फार लागतं. निळी रेघ अक्कलकोटच्या पुढं, थेट तुझ्या गावात जाते. खाली 'सुरू करा' असं लिहिलेलं असतं आणि मी ते दाबत नाही. मुलगा म्हणतो, हायवेला ट्रक असतात. मीही सगळ्यांना तेच कारण सांगते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून तुला खरं सांगते. ट्रकना मी भीत नाही. तिथल्या कट्ट्यावरची एखादी म्हातारी कानडीत विचारेल, "नी यार मगळ?" कुणाची लेक गं तू? मग मला तुझं नाव सांगावं लागेल. तू गेल्यापासून मी ते मोठ्यानं कधी घेतलेलं नाही. माझ्याच्यानं ते पुरतं उच्चारवणार नाही, अव्वा.